नेट का जातं? आधी मोडेमला विचारा!

शेतकरी बंधूंनो, ठिबकाच्या शेवटच्या नळीला पाणी पोचेना झालं तर तुम्ही काय करता? लगेच मोटार बदलत नाही. आधी फिल्टरजवळचं प्रेशर गेज बघता. फिल्टर उघडून गाळ काढता. कुठं जॉइंट गळतोय का, ते नळीच्या कडेकडेनं चालत जाऊन पाहता. मग बिघाड सापडतो आणि बहुतेक वेळा तो पाच-पन्नास रुपयांचा निघतो.

पण घरातलं इंटरनेट बंद पडलं, की हाच शहाणा माणूस काय करतो? डब्याची पिन काढतो, परत घालतो, दोन शिव्या हासडतो आणि केबलवाल्याला फोन लावतो. केबलवाला म्हणतो, "मोडेम खराब झालाय." मोडेम बदलतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

नेटच्या लाइनलासुद्धा प्रेशर गेज असतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते गेज मोडेमच्या पोटातच असतं. ते कसं वाचायचं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही म्हणाल, हा पुण्यातल्या लोकांचा विषय, आमच्या पानावर कशाला? तर आज घराआड एक पोरगं किंवा पोरगी पुण्यात आहे. कोथरूडला, हडपसरला, कात्रजला भाड्याच्या खोलीत राहून शिकतंय, नाहीतर नोकरी करतंय. त्याच्या नेटचं बिल कधी उसाच्या बिलातून जातं, कधी दुधाच्या पगारातून. शिवाय आता गावातही ग्रामपंचायतीत नेटचा डबा आहे. त्याचं शेवटी बोलूच.

सदाशिव पेठेतला तिसरा मजला

माझ्या चुलत भावाचा मुलगा सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरी बसून परदेशातल्या कंपनीचं काम करतो. संध्याकाळी सातला सुरू होतं, ते रात्री दोनला संपतं. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच्या नोकरीचे पहिले सहा महिने, म्हणजे चाचणीचे महिने चालू होते. आणि नेमकं त्याच वेळी रोज संध्याकाळी नेट जायला लागलं. समोरचा माणूस बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा, पडदा गोठायचा, की दहा मिनिटं सगळंच ठप्प. साहेबांनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा लेखी देऊ म्हणाले. त्याच्या शिक्षणासाठी बापानं काढलेलं कर्ज अजून फिटायचं होतं. त्यामुळे पोराची झोप उडाली होती.

मी कामानिमित्त पुण्याला गेलो होतो, म्हणून त्याच्याकडे मुक्कामाला थांबलो. म्हणाला, "काका, हा तिसरा मोडेम आहे. आता कंपनीच बदलतो." कंपनीचं नाव घ्यायचं कारण नाही. असा प्रकार कुणाच्याही लाइनवर होऊ शकतो. पण कंपनी बदलायची तर नवी लाइन यायला आठ-दहा दिवस, आगाऊ पैसे वेगळे, आणि तेवढ्या दिवसांत नोकरीचं काय?

शेजारी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. ते आवाज ऐकून दारात आले आणि म्हणाले, "अहो पाहुणे, तिसरा डॉक्टर बदलला, पण पेशंटचा ताप कुणी मोजला का?" मग त्यांनीच आम्हाला ताप मोजायला शिकवलं. जे शिकलो ते पुढे देतो आहे.

आधी लाइन कोणती ते ओळखा

डब्यात शिरणारी वायर आधी नीट बघा. जाड, गोल, काळी किंवा पांढरी वायर, टोकाला आट्याचा पितळी-निकेलचा कनेक्टर आणि मधोमध सुईसारखी तांब्याची तार असेल, तर ती केबल टीव्हीचीच वायर, आणि तुमच्याकडे केबल मोडेम आहे. केसासारखी बारीक काच आतून जात असेल, तर ते फायबर. टोकाला प्लॅस्टिकची चौकोनी क्लिप आणि आत आठ तारा असतील, तर ती लॅनची वायर. केबलवाल्यानं ती बाहेरून आणलेली असेल, तर त्याचा जोडणीचा डबा जिन्यात किंवा गच्चीवर असतो. आजचा मुख्य हिशोब पहिल्या प्रकाराचा आहे.

केबलच्या या वायरीला पुण्यात मोठा इतिहास आहे. नव्वदच्या दशकात झाडावरून, गच्चीवरून, या वाड्यातून त्या वाड्यात अशा या वायरी ओढल्या गेल्या, त्या टीव्हीसाठी. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून. केबलच्या तारेवरून नेट कसं द्यायचं, याची डॉक्सिस नावाची पद्धत अमेरिकेत १९९७ मध्ये ठरली. पुढे ३१ मार्च २०१३ ही पुण्यासह अनेक मोठ्या शहरांत केबल टीव्ही डिजिटल करण्याची मुदत होती. आता पुण्यात फायबर बरंच पसरलं आहे. तरी जुन्या इमारतींत जुनी केबल, जुने जॉइंट, जुने फाटे तसेच लोंबकळताना दिसतात. टीव्हीला चालणारी लाइन नेटला चालेलच असं नाही. टीव्ही फक्त ऐकतो. मोडेमला ऐकावंही लागतं आणि बोलावंही लागतं.

बिघाड वायफायचा की लाइनचा?

मोडेमचं पान उघडण्याआधी एक साधी परीक्षा करा. नेट गेल्याबरोबर मोडेमकडे पाहा. त्यावर 'ऑनलाइन' किंवा 'केबल' असं लिहिलेला दिवा असतो. तो स्थिर असेल आणि फक्त मोबाइलला नेट मिळत नसेल, तर दोष बहुतेक वायफायचा. जाड भिंत, लांबची खोली, शेजारपाजारच्या वीस वायफायची गर्दी. लॅनच्या वायरीनं संगणक थेट मोडेमला जोडा. वायरीवर नेट नीट चाललं, तर केबलवाल्याला बोलावण्यात अर्थ नाही. पण तो दिवा लुकलुकायला लागला, की समजा, लाइनच धरसोड करते आहे.

आमच्या पोराकडे दिवा लुकलुकत होता.

गेज कुठं आहे?

संगणकाच्या ब्राउझरमध्ये, जिथं वेबसाइटचं नाव टाकतो तिथं, १९२.१६८.१००.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकायचा. बहुतेक केबल मोडेमचं पान याच पत्त्यावर उघडतं. काही मोडेमवर पासवर्ड लागतो. तो डब्याच्या बुडाला चिकटवलेला असतो. काही ठिकाणी कंपनीनं हे पान बंद करून ठेवलेलं असतं. तसं असेल तर तक्रार केंद्राला फोन करून आकडे विचारा. त्यांना ते तिकडे बसून दिसतात.

पानावर 'स्टेटस', 'सिग्नल' किंवा 'कनेक्शन' असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. त्यात चार गोष्टी बघायच्या. घाबरू नका, आठ-अ चा उतारा वाचणाऱ्याला हे अवघड नाही.

पहिला आकडा : येणारं प्रेशर

याला डाउनस्ट्रीम पॉवर म्हणतात. केबलवरून तुमच्या घरी येणारा सिग्नल किती जोराचा आहे, ते यात कळतं. मोजमाप डीबीएमव्ही या एककात. इथं शून्य म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे. विहिरीच्या कठड्याखाली आपण एक खूण करतो, पाणी खुणेच्या दोन हात वर किंवा दोन हात खाली असं सांगतो, तसा हा शून्य ही एक खूण आहे. उणे आकडा दिसला म्हणून बिघडलं असं नाही.

उणे ७ ते अधिक ७ मध्ये आकडा असला तर उत्तम. उणे १५ ते अधिक १५ ही मोडेमची शेवटची हद्द. हद्दीजवळ गेलात की काम बेभरवशाचं. आणि जास्त जोर म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. ठिबकाला दाब वाढला तर ड्रीपर उडतात, तसं अधिक १२-१३ झालं की मोडेमचे कान बसतात.

हा हिशोब डेसिबलचा असल्यानं एक गोष्ट लक्षात ठेवा. ३ डेसिबल कमी झाले म्हणजे सिग्नलची ताकद निम्मी झाली. १० कमी झाले म्हणजे एक दशांश उरली.

दुसरा आकडा : पाण्यातला गाळ

याचं नाव एसएनआर. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे, ते यात कळतं. प्रेशर भरपूर आहे, पण पाण्यात गाळ असेल तर ड्रीपर तुंबणारच. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती मोठ्या शहरांपासून लांब उभारली, त्याचं एक कारण हेच. आकाशातून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो आणि शहरातला रेडिओ-गोंगाट त्याला गिळून टाकतो. तुमच्या मोडेमचंही तेच दुखणं आहे, फक्त लहान प्रमाणात.

एसएनआर ३३ च्या वर हवा, ३५ च्या वर असेल तर छान. ३० च्या खाली गेला, की मोडेमला अक्षरं नीट लागत नाहीत. ढिल्या किंवा गंजलेल्या कनेक्टरमधून बाहेरचा गोंगाट केबलमध्ये शिरतो. हे गाळ शिरण्याचं मुख्य दार.

तिसरा आकडा : परतीची हाक

याला अपस्ट्रीम पॉवर म्हणतात. मोडेमला मुख्य केंद्राकडे बोलायला किती जोर लावावा लागतो, ते हा आकडा सांगतो. इथं उलटा न्याय आहे. आकडा मोठा म्हणजे तब्येत चांगली नव्हे. शिवाराच्या त्या टोकाच्या माणसाला हाक मारायची तर किती ओरडावं लागतं, तसं हे. ३५ ते ४९ च्या दरम्यान असेल तर ठीक. ५० च्या वर गेला, की मोडेम घसा ताणून ओरडतो आहे. वाटेत कुठंतरी आवाज अडतोय असं समजा. आणखी थोडं बिघडलं, की हाक पोचणारच नाही.

याचीच नोंद मोडेमच्या रोजनिशीत, म्हणजे इव्हेंट लॉगमध्ये सापडते. तिथं 'टी-३' असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर मोडेमनं हाक मारली आणि ओ आली नाही. 'टी-४' दिसलं, तर केंद्राकडून बोलण्याची पाळीच अर्ध्या मिनिटाच्या आसपास आली नाही. दिवसातून एखादं चालतं. तासाला दहा-वीस चालत नाहीत.

चौथा आकडा : चुकांचा हिशोब

हा सगळ्यात बोलका आकडा. इथं दोन रकाने असतात. करेक्टेबल, म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका. अनकरेक्टेबल, म्हणजे दुरुस्त न झालेल्या.

मोडेम चुका दुरुस्त कशा करतो? आठ-अ चा उतारा घ्या. पाच गटांचं क्षेत्र आणि खाली एकूण बेरीज. त्यातल्या एका गटाचा आकडा पावसानं पुसला गेला, तरी बेरजेतून बाकीचे चार वजा केले की तो परत मिळतो. दोन आकडे पुसले गेले, तर मात्र बेरीज काही सांगू शकत नाही. सिग्नल पाठवतानाही असेच जादा आकडे सोबत दिलेले असतात. याचं गणित रीड आणि सोलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलं. केबलच्या सिग्नलमध्ये तेच तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं आहे.

तेव्हा करेक्टेबलचा आकडा थोडाफार वाढला तर काळजी नको. मोडेमनं ते निस्तरलं आहे. पण अनकरेक्टेबल वाढायला लागला, म्हणजे मजकूर कायमचा गेला. पडदा गोठतो आणि आवाज तुटतो तो तेव्हाच.

इथं एक मोठी चूक बहुतेकजण करतात. अनकरेक्टेबलपुढे ८०,००० आकडा दिसला की घाबरतात. तो आकडा मोडेम शेवटचा सुरू झाल्यापासूनचा असतो. कदाचित तीन आठवड्यांपूर्वी वीज गेली तेव्हा एका मिनिटात तेवढ्या चुका झाल्या असतील. विजेच्या मीटरचं एक वाचन घेऊन बिल काढता येतं का? मागचं आणि आजचं अशी दोन वाचनं लागतात. तसंच इथं आहे. नऊला आकडा लिहा, दहाला लिहा. फरक शून्य असेल तर जुनं दुखणं. फरक हजारांत असेल तर बिघाड आत्ता चालू आहे.

आमच्याकडे काय निघालं?

पोराच्या मोडेमवर त्या संध्याकाळी डाउनस्ट्रीम उणे ११, एसएनआर २९, अपस्ट्रीम ५३. अनकरेक्टेबल दर दहा मिनिटांनी शेकड्यांनी वाढत होते. आजोबा म्हणाले, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मोडेम दहा बदला." मग आम्ही वायर धरून मागं मागं गेलो.

बाल्कनीच्या कोपऱ्यात, जुन्या कुंडीमागं एक फाटे फोडणारा डबा सापडला. त्याला स्प्लिटर म्हणतात. आधीच्या भाडेकरूंचे तीन टीव्ही होते, म्हणून चार फाट्यांचा. आता टीव्ही एकही नाही. तीन फाटे उघडे, आणि चौथ्यावर मोडेम.

स्प्लिटर म्हणजे नळीवरचा टी. दोन फाट्यांचा असेल तर प्रत्येक फाट्यावर साधारण साडेतीन डेसिबल घट, चार फाट्यांचा असेल तर सात. म्हणजे आलेल्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा मोडेमला मिळत होता, आणि उघड्या तोंडांतून गोंगाट आत येत होता तो वेगळाच. परतीच्या हाकेलाही हाच टी आडवा येतो. आम्ही स्प्लिटर काढला, आत येणारी वायर दोन रुपयांच्या तोटीनं सरळ मोडेमच्या वायरीला जोडली आणि कनेक्टर हातानं घट्ट पिळले. पुन्हा आकडे पाहिले. डाउनस्ट्रीम उणे ४, एसएनआर ३४, अपस्ट्रीम ४६. दोन्हीकडे बरोबर सात डेसिबलचा फरक! त्या रात्री काम एकदाही तुटलं नाही.

पण गोष्ट इथं संपली नाही. दोन दिवसांनी पुन्हा नेट गेलं. पोरगं हिरमुसलं. आजोबांनी विचारलं, "वही ठेवलीस का?" ठेवली होती. आता वही पुढं कामी आली.

त्यानं रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी दर तासाला चार आकडे लिहिले होते, आणि शेजारी हवामान. आठ दिवसांच्या नोंदी बघितल्यावर स्वच्छ दिसलं. कोरड्या संध्याकाळी अनकरेक्टेबल जागचा हलत नव्हता. सर आली की तासाभरात हजारांनी वाढायचा आणि एसएनआर २८ वर यायचा. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले की पूर्ववत. म्हणजे घरातलं दुखणं गेलं होतं, आता बाहेर कुठंतरी पाणी शिरत होतं.

पुन्हा तक्रार केली, पण या वेळी "नेट चालत नाही" असं नाही सांगितलं. "पाऊस आला की एसएनआर ३४ वरून २८ वर येतो, अनकरेक्टेबल वाढतात, घरातले जोड तपासले आहेत, बाहेरचा जोड बघा," असं सांगितलं. वहीचं पान फोटो काढून पाठवलं. लाइनमन आला तो घरात न येता थेट गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीशेजारी एका जोडावरचं रबर केव्हाच गळून पडलं होतं. कनेक्टर उघडला तर आत पाणी, आणि तांब्याची तार हिरवी पडलेली. त्यानं हातभर वायर कापून टाकली, नवा कनेक्टर मारला आणि जोडाच्या अलीकडे वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरूनच ठिबकून जातं, जोडात शिरत नाही. काम वीस मिनिटांचं. पोराची नोकरी पुढं कायम झाली.

लाइनमन जाता जाता म्हणाला, "साहेब, असं नेमकं सांगितलं तर आम्हालाही बरं पडतं. नाहीतर आम्ही अंधारात दगड मारतो."

आकडे आणखी काय सांगतात?

प्रत्येक लाइनचा बिघाड वेगळा. पण काही खुणा ठरलेल्या आहेत.

मोडेमच्या पानावर एकाखाली एक बरेच चॅनेल दिसतात. वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल पडलेले आणि खालचे ठीक असतील, तर वायर फार लांब आहे, जुनी आहे किंवा भिजली आहे. चांगल्या आरजी-६ वायरीतसुद्धा शंभर मीटरला खालच्या, ५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीला ५ ते ६ डेसिबल घट होते, तर वरच्या, हजार मेगाहर्ट्झच्या जवळ सुमारे २०. म्हणून गच्चीवर वेटोळं करून ठेवलेली जादा वायर ही सोय नव्हे, तोटा आहे.

एकच चॅनेल खराब आणि बाकी सगळे उत्तम असतील, तर बाहेरचा कुठलातरी रेडिओ-गोंगाट नेमक्या त्या फ्रिक्वेन्सीवर शिरतो आहे. ढिला जोड शोधा.

चारही आकडे उत्तम, चुका शून्य, तरीही रात्री आठ ते अकरा नेट मंद? मग वायरीचा दोष नाही. केबलचं नेट हे पाटाच्या पाण्यासारखं असतं, एका पाटावर अनेक घरं. सगळ्यांनी एकदम दारं उघडली की प्रत्येकाला कमी येणार. तिथं तुम्ही कितीही कनेक्टर पिळा, उपयोग नाही. 'आकडे चांगले आहेत, गर्दीच्या वेळी वेग पडतो,' असं वेळेसकट लिहून कंपनीला कळवा. ते काम त्यांचंच आहे.

हे मात्र करू नका

बाजारात सिग्नल वाढवणारे छोटे अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. दुकानदार सांगतो म्हणून ते लावू नका. गढूळ पाण्याला मोठी मोटार लावली तर गाळही जोरानं येतो. शिवाय काही अ‍ॅम्प्लिफायर परतीची हाक पूर्ण बंद करून टाकतात. टीव्हीला ते चालतं, मोडेम मात्र मुका होतो.

खांबावर चढू नका. केबल बहुतेक वेळा विजेच्याच खांबावरून आलेली असते, आणि पावसात केबलच्या धातूच्या आवरणात विजेचा प्रवाह उतरू शकतो. वायरीला झिणझिण्या लागल्या तर हात लावणं तिथंच थांबवा आणि कळवा. विजा कडाडत असतील तेव्हा केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवा. गल्लीतला कंपनीचा डबा उघडणं हेही आपलं काम नाही. आपली हद्द घराच्या भिंतीपर्यंत.

आणि आकडे लिहून घेण्याआधी मोडेम बंद-चालू करू नका. बंद केला की चुकांचा हिशोब पुसला जातो. पंचनाम्याआधी पुरावा पुसल्यासारखं ते होतं.

आता गावातल्या डब्याकडे या

ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब, सरपंच, हा भाग तुमच्यासाठी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पंचायतीत बसवलेला तो डबा केबल मोडेमचा चुलतभाऊ आहे. त्यातही गेज आहे. तिथं विजेऐवजी काचेतून प्रकाश येतो, म्हणून मोजमाप डीबीएममध्ये. प्रकाशाचा आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ या हद्दीत लागतो. उणे २० असेल तर चांगलं. उणे २७ च्या पलीकडे गेला तर डबा आंधळा होतो आणि लाल दिवा लागतो.

लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका. आज उणे २० आहे, पुढल्या महिन्यात उणे २४ झाला, तर फायबर कुठंतरी वाकलं आहे किंवा जोड खराब होतो आहे. आधी खोलीतच बघा. कपाटामागं फायबर दाबलं गेलंय का? खिळ्याला घट्ट गुंडाळलंय का? काचेला तीव्र वळण सोसत नाही, प्रकाश वळणावरच गळून जातो. मात्र फायबरचं उघडं टोक डोळ्यांसमोर धरू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.

पीएम किसानची केवायसी, सातबारा, दाखले, अशा कामांना शेतकरी पाच किलोमीटर चालून येतो आणि 'नेट नाही' हे दोन शब्द ऐकून परत जातो. त्याचा दिवसाचा रोज बुडतो. मुदतीचा शेवटचा दिवस असला तर हप्ताही अडतो. पंचायतीच्या दप्तरात आवक-जावक नोंदवही असतेच. तिच्याशेजारी नेटची एक वही ठेवा. तारीख, वेळ, आकडा, वीज होती की नव्हती, पाऊस होता की नव्हता. महिन्याभरात बिघाड आपल्याच वळचणीला आहे की रस्त्याच्या कामात जेसीबीनं केला, ते कळून येईल.

तक्रार करताना तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्रानं तो द्यायचा असतो, आणि तिथं दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथं नुसता राग चालत नाही, नोंदी चालतात.

वहीत उतरवून ठेवा

केबल मोडेमसाठी : डाउनस्ट्रीम उणे ७ ते अधिक ७. एसएनआर ३३ च्या वर. अपस्ट्रीम ३५ ते ४९. अनकरेक्टेबल दोन वाचनांत वाढू नये. फायबरच्या डब्यासाठी : उणे ८ ते उणे २७, आणि महिन्यागणिक घसरण नको. क्रम असा ठेवा : दिवा पाहा, आकडे लिहा, जोड घट्ट करा, नको असलेला स्प्लिटर काढा, पुन्हा आकडे लिहा, मग तक्रार करा.

पुण्यातल्या पोराला आज फोन कराल तेव्हा जेवलास का, हे विचारालच. त्याबरोबर मोडेमचे आकडे किती आहेत, हेही विचारा आणि वही घालायला सांगा.